सिक लाईनवरची होडी

रविवार, १२ डिसेंबर १९९९. हजर: दादा, मी, सोपानआबा, आबांची कुत्री. गैरहजर: वारा.

सुरुवात अशीच करायची मला सवय आहे. मी आरोग्य खात्यात भांडार सांभाळते. आधी तारीख, मग हजर कोण, मग कामाचं बोलायचं. तो रविवार मला तारखेसकट आठवतो, कारण त्या दिवशी दादाच्या हातातून पान्हा पडला आणि तो उचलायला वाकला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी पान्हा उचलला, चिंधीनं पुसला आणि त्याच्या हातात न देता डब्यात ठेवला. 

यंदा पाणी पुन्हा जुन्या रस्त्यावर चढलंय.

दौंड तालुक्याच्या टोकाला, जिथे भीमा नदी संपून धरणाचा फुगवटा सुरू होतो, तिथे एक डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो. पूर्वी तो आबांच्या गावाला जायचा. धरण झालं, गाव उठून वर आलं, रस्ता तिथेच राहिला. पाऊसकाळ चांगला झाला की दिवाळीच्या सुमाराला पाणी त्या रस्त्यावरून चढत चढत मैलाच्या दगडापर्यंत येतं. दगडावर गावाचं नाव आहे, पण वाचता येत नाही, शेवाळ आहे. त्या दगडाला दोर बांधला की झाला आमचा धक्का. उन्हाळ्यात पाणी इतकं लांब जातं की धक्का होता असं सांगितलं तर माणूस हसेल.

डिसेंबर लागला की खुटबाव, भांडगावकडून गुऱ्हाळांचा धूर येतो. एसटीच्या खिडकीतून तो गोड वास आत शिरला की लोक सरसावून बसतात, कुणीतरी काकवीच्या गोष्टी काढतं. मला त्या वासात पुट्टीचा आणि थिनरचा वास मिसळलेला येतो. बाकी कुणाला येत नाही, हे मला माहीत आहे. परवा मी शेजारच्या बाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "थिनर? नाही बाई, गूळच."

दादा दौंडला रेल्वेत फिटर होता. वॅगनचं काम. यार्डात एक रूळ वेगळा असतो, त्याला सिक लाईन म्हणतात. मालगाडीतली एखादी वॅगन बिघडली की तिच्यावर खडूनं खूण करतात, गाडीतून तोडतात आणि सिक लाईनवर आणून उभी करतात. दुरुस्त होण्यासारखी असली तर तिथेच दुरुस्त. मोठं काम असलं तर वर्कशॉपला. आणि काहीच होण्यासारखं नसलं तर कंडेम. दादाचं उभं आयुष्य सिक लाईनवर गेलं. वहिनी वारल्यावर मी त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. माझं स्वतःचं म्हणावं असं घर तेव्हा उरलं नव्हतं, त्याबद्दल इथे लिहायची गरज नाही. माझी नेमणूक शिरूरला होती. सोमवार ते शनिवार दौंड, पाटस, चौफुला, न्हावरा, शिरूर, आणि तसंच उलटं. रविवार होडीचा.

होडी पुण्याहून आली. तिथल्या कुठल्याशा क्लबानं जुन्या शिडाच्या होड्या मोडीत काढल्या, त्यातली एक दादानं कोंबडीखाद्याच्या रिकाम्या ट्रकवर टाकून आणली. प्लायवूडची, दोघांपुरती, मधोमध डोलकाठी उभी करायची खाच, मागे सुकाणू. कॉलनीतले लोक विचारायचे, फिटरला होडी कशाला? दादा म्हणायचा, "एवढ्या गाड्या काढल्या हातून, सगळ्या रुळावरनं गेल्या. एक तरी बिनरुळाची जाऊ दे." आम्ही शिरूरचे. घोडनदीच्या काठी वाढलो. पण पोहण्यापलीकडे आम्हाला पाण्याचं काही येत नव्हतं. शीड कसं धरायचं ते दादा फुगवट्यावर पडून-धडपडून शिकला. मी काठावर उभी राहून, कोरडे कपडे हातात धरून, ते पाहिलं.

पहिल्या वर्षापासून देखभाल मात्र रेल्वेच्या शिस्तीत. पाणी मैलाच्या दगडाला लागलं की होडी दगडाला बांधायची, सगळं सामान बाहेर काढायचं, रिकामी होडी रस्त्यावर ओढून पालथी घालायची आणि इंचाइंचानं तपासायची. दादा याला "पीओएच" म्हणायचा. वर्कशॉपमध्ये वॅगनचं मोठं काम निघतं त्याला रेल्वेत तसं म्हणतात.

सामान काढणं आणि लावणं माझ्याकडे. हे काम मला आवडायचं, अजून आवडतं. बाकावर चढून बसलेलं सगळं खाली येतं, प्रत्येक वस्तूला पुन्हा एकदा विचारता येतं, तुझं काय काम आहे इथे? त्या रविवारी निघालेल्या वस्तू अशा: जाड दोर, बारीक दोर, कुणीतरी गाठी मारून ठेवलेला आणि आता न सुटणारा दोर. दोन कप्प्या, एक फिरणारी. तुपाचा डबा, त्यात खिळे. पाणी उपसायचा प्लास्टिकचा मग, दांडी तुटलेला. आबांनी दिलेलं दावं. वहिनीचं एक पोलकं होतं, फडक्यासाठी आणलेलं आणि कधी न वापरलेलं. एक वल्हं. दुसरं वल्हं कुठे गेलं यावर दादा आणि मी दर वर्षी भांडायचो.

"तूच ठेवलंस कुठंतरी, नीट."

"मी ठेवलं असतं तर सापडलं असतं."

"त्येच म्हंतो. तू ठेवलेलं फक्त तुलाच सापडतं, आन् तुला आता आठवत न्हाई."

या भांडणात सोपानआबा येऊन बसायचे. त्यांची पाण्याची मोटार ज्या खोलीत होती, ती रस्त्याच्या वरच्या अंगाला होती, आणि आमची होडी पावसाळाभर त्या खोलीच्या भिंतीला टेकून असायची. आबांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन हिंडायच्या. आबा उसात स्थिरावले होते, पण बसायचे अजून मेंढक्यासारखे, काठीवर हनुवटी ठेवून.

"जयभीम, फिटर! जहाज कवा सोडताय?"

"जय मल्हार, आबा! सिग्नल पडू द्या."

"सिग्नल पडंस्तवर आमची लाकडं जायची मसणात." मग माझ्याकडे वळून, "बाई, आमचा बाप मेंढरं घिऊन पार कोकणात उतरायचा, पर वढ्यात बी काठी घातल्याबिगर पाय टाकला न्हाई. आन् ह्यो रेल्वेचा माणूस, रूळ सोडून डबक्यात."

"डबकं म्हणू नका आबा," दादा म्हणायचा. "अख्ख्या पुण्याचं पाणी हाय ते."

"व्हय, वास येतोय की पुण्याचा."

खरंच यायचा. हिवाळ्यात पाणी हिरवं व्हायचं, कडेला जलपर्णी साचायची, आणि सकाळच्या धुक्यात ती सगळी घाण झाकून गेली की फुगवटा एखाद्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसायचा. लांब पांढरट पक्ष्यांची रांग. रोहित. दादा त्यांना "गँगमन" म्हणायचा, कारण ते एका ओळीत, माना खाली घालून काम करतात.

हातांचं खापर आधी मानेवर फुटलं. उजव्या हाताची पकड गेली, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी मानेचे एक्सरे काढले, पट्टा दिला. वॅगनखाली वाकून वाकून फिटरांच्या माना जातातच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मग डावा हात. मग उघड्या दंडाचं मांस आतल्या आत उडायला लागलं, मुंग्या चालाव्यात तसं. दिवाळीनंतर मी त्याला पुण्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे तपासले, सुया टोचून तपासलं, आणि मग त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. पेन बंद करणारा डॉक्टर मला कळतो. लिहिण्यासारखं औषध नसलं की ते तसं करतात. ते म्हणाले, "तुम्ही खात्यातल्याच आहात, तुमच्यापासून लपवत नाही. हात, मग पाय, मग गिळणं. उलटं फिरत नाही हे."

दादा शेजारीच बसला होता. परतीच्या गाडीत उरुळी गेल्यावर तो म्हणाला, "म्हंजी वर्कशॉपला पाठवायची न्हाई."

मी म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"दाखवू की. पर सिक लाईनवर तीस वर्षं काढली मी, नंदे. खडूचा रंग वळखतो."

त्या वर्षी सहा डिसेंबरला दादरला जायचंही राहिलं. दौंडवरून गच्च भरलेल्या गाड्या गेल्या, निळे झेंडे गेले, आम्ही क्वार्टरच्या दारात उभं राहून हात जोडले. त्याचे दोन्ही हात छातीपर्यंत नीट आले नाहीत. मी माझेही थोडे खालीच जोडले.

आणि नंतरच्या रविवारी तो म्हणाला, "चला, होडी काढू. संक्रांतीपर्यंत तयार पाहिजे. एकदा पलीकडच्या तीराला जाऊन येतो. स्वतः. मग काय व्हायचं ते होऊ दे."

एवढंच त्याला हवं होतं. पलीकडचा तीर नगर जिल्ह्यात आहे, तिथे बाभळी आणि एक पंपाचा पाइप आहे, दुसरं काही नाही.

मी व्यवहारी बाई आहे. कुठलं काम कोण करणार याची वाटणी करून टाकली. त्यानं आता बसायचं आणि सांगायचं, मी करायचं. पण होडी तपासायचं काम वाटून देता येईना. दादा ती वॅगनसारखी तपासायचा, म्हणजे लहान हातोडीनं ठोकत ठोकत, कान लावून. चांगलं लाकूड एक बोलतं, आत ओल शिरलेलं लाकूड दुसरं बोलतं. हातोडी त्याला धरवेना. मग मी ठोकायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा. पालथ्या होडीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पोत्यावर तो.

"चांगलं. चांगलं. पुढं. चांगलं. थांब. मागं ये. हितंच. परत मार."

मला काही फरक कळायचा नाही. तो म्हणायचा, "नरम हाय. खडूनं खूण कर." मी खूण करायचे. नंतर तिथे पटाशी घातली की काळा भुसा निघायचा, बिनचूक. आबा एकदा म्हणाले, "फिटर, तुझ्या छातीवर ठोकून बघू का?" दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला, आणि तो ठसका लवकर थांबेना. आबांनी काठी बाजूला ठेवली. नंतर त्यांनी ती थट्टा पुन्हा केली नाही.

पुट्टी मी भरली. पॉलिश पेपरनं घासून माझी बोटं सोमवारी ऑफिसात गुळगुळीत असायची, पावती फाडताना कागद निसटायचा. सगळे त्या वर्षी कॉम्प्युटरच्या काळजीत होते, एक जानेवारीला सगळं बंद पडणार म्हणून. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता, तरी काळजी होती. शीड मी रिठ्याच्या पाण्यात धुतलं आणि आबांच्या रिकाम्या रानात वाळत घातलं. आबांच्या भावकीतल्या कुणाची मेंढरं त्यावरून शिस्तीत चालत गेली. पांढऱ्या कापडावर बारीक बारीक खुरांची रांगोळी. मेंढक्या म्हणाला, "मला वाटलं, लगनाचा मांडव पडलाय." पुन्हा धुतलं. फाटलेल्या कडेला दुहेरी शिवण घातली. सगळं होत गेलं. कामं होत जातात, हे कामांचं वैशिष्ट्य आहे. ती माणसाची वाट पाहत नाहीत आणि माणसाला वाचवतही नाहीत.

दर रविवारी एक काम माझ्याकडे जास्त यायचं. आधी पान्हा. मग पॉलिश पेपर. मग चहाचा कप. जानेवारीत त्याच्या स्वेटरची बटणं. तो मान वर करून उभा राहायचा आणि मी बटणं लावायचे, आणि तो पाण्याकडे बघत म्हणायचा, "आज वारा बरा हाय."

शेवटचं काम रंगाचं. सगळीकडे करडा, मागच्या फळीवर मात्र एक काळा चौकोन आणि त्यात पांढरे आकडे. हा दादाचा खास हट्ट. रेल्वेच्या प्रत्येक वॅगनवर असा मजकूर असतो. वर तिचं मोठं काम कधी झालं ती तारीख, खाली तिनं पुन्हा कधी यायचं ती. रिटर्न डेट. त्या दोन तारखा असल्याशिवाय वॅगन सोडत नाहीत. आमच्या होडीवर दर वर्षी त्या दोन तारखा पडायच्या, आणि मगच ती पाण्यात जायची. आकडे छापायला दादानं साचे केले होते, एक्सरेच्या फिल्मचे. फिल्म चिवट असते, ब्लेडनं सुबक कापते. जुने साचे झिजले होते म्हणून दिवाळीत त्यानं नवे कापले. तेव्हा डावा हात थोडा चालत होता. फिल्म घरात होतीच, त्याच्याच मानेची. शून्य कापताना म्हणाला, "दोन हजार साल बरं हाय. शून्यंच शून्यं. एकाच साच्यात भागतंय."

माझ्या भांडारातही प्रत्येक वस्तूवर तारीख असते. सलाइनच्या बाटलीवर, लशीच्या कुपीवर, कापसाच्या गुंडाळीवरसुद्धा. पण ती शेवटची तारीख. तिच्यापुढे वस्तू वापरायची नाही, जाळायची किंवा पुरायची. मी वर्षानुवर्षं त्याच तारखा बघत आले. दादाच्या खात्यातली तारीख परतीची. तिचा अर्थ असा की जा, फिर, झीज, आणि अमुक दिवशी परत ये, आम्ही असू. मला ती पद्धत नेहमी आपल्या पद्धतीपेक्षा दयाळू वाटायची. त्या जानेवारीपर्यंत.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. काळा चौकोन वाळला होता. दादानं कोपरानं फिल्म दाबून धरली आणि मी चिंधीची पुरचुंडी पांढऱ्या रंगात बुडवून वरची तारीख छापली. ०१, २०००. आकडे स्वच्छ उमटले. त्याला समाधान वाटलं.

"आता खालची. ०१, २००१. तोच एक परत लाव."

मी 'एक'चा साचा पुन्हा उचलला. या वेळी उजेडात धरला तेव्हा त्यात मणके दिसले, एकावर एक, आणि त्यांच्या मधून ब्लेडनं कापलेली सरळ चीर. माझ्या हातात पुरचुंडी होती. रंग टपकत होता. पुढच्या जानेवारीची तारीख. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलेलं मला दिसत होतं. ती तारीख छापली तर मी खोटं छापणार. दुसरी कुठली छापली तर काय छापणार? कोरी ठेवली तर तेही वाचता येतंच.

मी म्हटलं, "वरचं वाळू दे. नाहीतर फिसकटेल."

दादानं माझ्याकडे बघितलं. पान्हा पडला तेव्हा बघितलं होतं तसंच.

"बरं," तो म्हणाला. "वाळू दे."

पुढचा रविवार संक्रांत उलटून गेल्यावरचा. सकाळपासून पूर्वेचा वारा होता, गार, एकसारखा, दादाला हवा होता तसला. पाण्यावर बारीक चुण्या पडलेल्या. आबांच्या घरून तिळाच्या वड्या आल्या होत्या. आम्ही होडी पाण्यात सोडली, मैलाच्या दगडाला बांधली, डोलकाठी उभी केली. सामान मी सकाळीच लावलं होतं, प्रत्येक वस्तू जागच्या जागी, उपसायचा मग नव्या दांडीचा. आबांनी आणि मी दादाला दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं. मी पुढे बसले. शीड चढवलं. ते भरलं, फडफडलं, आणि होडी दोराला ओढ द्यायला लागली.

दोर सोडायचा तेवढा बाकी होता. आबा दगडाजवळ उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत वर, पाण्यात. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात पाय टाकला असावा, निदान काठी न घालता.

"सोडू का रं फिटर?"

दादानं सुकाणूचा दांडा काखेत धरला होता. शिडाचा दोर त्याच्या मांडीवर होता. त्यानं बोटं त्याभोवती घालून पाहिली. वाऱ्याचा एक झोत आला आणि दोर त्याच्या बोटांतून सळकन निघून गेला, जसा काही हात तिथे नव्हताच. मी तो पकडला. परत त्याच्या मांडीवर ठेवला. पुन्हा तसंच झालं.

"दादा, दोर मी धरते. तू फक्त सांग. उलटली तर दोघांना पोहता येतं."

"तुला येतं," तो म्हणाला. "मला येत होतं."

मग त्यानं मागे वळून, जमेल तेवढी मान वळवून, मागच्या फळीकडे बघितलं.

"आबा, सोडू नका. रिटर्न डेट न्हाई टाकलेली. अशी गाडी यार्डाबाहेर काढली तर मेमो मिळतो."

"मंग टाका की ती तारीख! रंग हाय, बाई हाय. येवढ्यासाठी अडून बसलाय व्हय?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी तिळाच्या वडीचा डबा उघडून बंद केला. म्हटलं, "आबा, रंग अजून ओला आहे."

आठवड्याभराचा रंग. आबा शेतकरी माणूस, ऊन आणि वारा बघून कुठली वस्तू कधी वाळते हे त्यांना कळत होतं.  त्यांनी दोराची गाठ आणखी एकदा ओढून घट्ट केली.

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. शीड उभं, होडी बांधलेली. वारा आला की होडी दोराच्या टोकाला गोल फिरायची, एकदा गावाकडे तोंड, एकदा नगर जिल्ह्याकडे. दादानं सुकाणू काखेतून हलवून बघितलं. होडीनं ऐकलं. दोर होता तेवढ्यात ती त्याच्या म्हणण्याप्रमाणे डावीकडे गेली, मग उजवीकडे. "बघ," तो म्हणाला, "काम चांगलं झालंय. कुठं गळत न्हाई." मी खाली हात लावून बघितला. तळ कोरडा होता. मी भरलेली एकही फट पाणी घेत नव्हती. आयुष्यात एवढं नेटकं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही आणि ते कशाच्याही उपयोगी पडलं नाही.

गँगमन लांब ओळीनं काम करत होते. उन्हं चढल्यावर वारा पडला. शीड उतरवलं, घडी घातली. घडी घालताना दादा काठावरून म्हणाला, "कडा जुळव. पुढल्या खेपेला सरळ चढतंय मग." मी कडा जुळवल्या.

उन्हाळ्यात पाणी गेलं आणि होडी चिखलात बसली. त्याच सुमाराला त्याचे पाय गेले. पावसाळ्यात घास उतरेना. दिवाळीला पाणी रस्त्यावर चढून मैलाच्या दगडाला लागलं, तेव्हा दादा नव्हता. म्हणजे मी जानेवारी छापली असती तर ती खोटी ठरली असती. हिशेब बरोबर होता. हिशेब बरोबर असण्याचा आनंद मला एरवी होतो.

तेव्हापासून पाणी चढलेल्या प्रत्येक हिवाळ्यात मी हे काम काढते. लोकांना वाटतं, आठवण म्हणून. तसं काही नाही. लाकडी वस्तू पडून राहिली की कुजते, म्हणून. क्वार्टर सुटलं, मी भाड्याची खोली घेतली, होडी आबांच्या मोटारीच्या खोलीपाशीच राहिली. आबा आता बाजेवर असतात. कान गेलेत. त्यांची नातवंडं शिक्रापूरला कंपनीत, खोली करून राहतात. त्यांच्यापैकी कुणी आलं की विचारतं, "मावशी, ही लाकडं जाळायला नेऊ का?" मी नको म्हणते. ती पोरं चांगली आहेत, पुन्हा विचारत नाहीत, पुढच्या वर्षी विचारतात.

परवाच्या रविवारी गेले होते. हजर: मी. सामान काढलं, पुसलं, लावलं. दुसरं वल्हं यंदाही नाही. होडी पालथी घालायला उसाच्या टोळीतले दोघे बोलावले. मग हातोडी घेऊन ठोकत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे मी दर वर्षी करते आणि दर वर्षी ते तसंच होतं. मला प्रत्येक फळीचा आवाज सारखाच येतो. पलीकडच्या बाजूला पोतं अंथरते, कारण गुडघे टेकायला लागतं. आवाज होतो, पाण्यावरून जातो, आणि कुणी थांब म्हणत नाही. कुठे नरम आहे ते आता फक्त पाय आत गेल्यावर कळतं. यंदा दोन ठिकाणी गेला.

पुट्टी भरली. करडा रंग दिला. काळा चौकोन पुन्हा काळा केला, वरची तारीख सांभाळून, भोवतीनं ब्रश फिरवून. ०१, २०००, अजून वाचता येते. साचे तुपाच्या डब्यात आहेत, खिळ्यांपासून वेगळे, कागदात. 'एक' सगळ्यात वर. पांढऱ्या रंगाचा नवा डबा आणलाय, झाकण अजून उघडलेलं नाही.

खालची तारीख टाकायची राहिली आहे.